एकटीला उचलेल एवढी मोटर

४ एप्रिल, बोटीवरून

प्रिय भिंगरी,

तुझं खोकं पोचलं. चार माणसांनी ते ट्रकमधून धक्क्यावर उतरवलं आणि उतरवून झाल्यावर चौघांनीही कमरेवर हात ठेवून माझ्याकडे असं पाहिलं, जणू मीच हौसेने मागवलंय. आत पत्र असेल म्हणून मी थर्माकोलचा तुकडा न् तुकडा उचकटला. पत्र नव्हतं. वॉरंटीचा कागद होता, त्यावर तुझी सही होती. म्हणजे सही करताना तुझा हात दुखत नाही, एवढं कळलं.

मोटर देखणी आहे, नाही म्हणत नाही. दहा हॉर्सपॉवर, काळी कुळकुळीत. धक्क्यावरचा मिस्त्री तिच्याभोवती दोनदा फिरला. "काकू, लेकीने पाठवली? नशीब काढलंत," म्हणाला. "हो ना, फारच," म्हटलं आणि खोकं त्याच्या शेडमध्ये ठेवून वर ताडपत्री टाकायला लावली. ती तिथेच आहे. बोटीवर आलेली नाही आणि येणारही नाही.

का, ते सांगते. तू फोन उचलत नाहीस म्हणून लिहिते आहे. पत्र निदान मध्येच कट करता येत नाही.

आपली डिंगी म्हणजे नऊ फुटी रबरी होडी. बोट नांगरावर उभी, धक्का समोर, मध्ये पाणी. त्या पाण्यावरून जायची-यायची माझी तेवढीच वाट. तिच्या मागच्या फळीवर, जिथे मोटर अडकवतात, तिथे एक पत्र्याची पट्टी ठोकलेली आहे. त्यावर लिहिलंय, जास्तीत जास्त सहा हॉर्सपॉवर. तू लिफ्ट तपासतेस. आठ माणसांच्या लिफ्टमध्ये नववा चढला तर तू त्याला बाहेर काढतेस, मग तो इमारतीचा मालक का असेना. हे तूच मला सांगितलं होतंस, आणि सांगताना मान केवढी ताठ होती! मग माझ्या होडीवरची पट्टी काय शोभेला लावली आहे? फळी तुटून मोटर तळाला गेली, की त्या लिफ्टच्या मालकाला तोंड कसं दाखवशील?

आणि फळी टिकली तरी मी टिकणार नाही. इथली रीत अशी आहे, की संध्याकाळी मोटर डिंगीवरून सोडवायची, बोटीवर चढवायची, कठड्याला अडकवायची, मग डिंगीही ओढून वर घ्यायची. नाही घेतली तर वारा फिरल्यावर रिकामी डिंगी मोटरीसकट उलटते. उलटली नाही तर चोर नेतात. सकाळी सगळं पुन्हा खाली. म्हणजे हलत्या होडीत उभं राहून मोटर खांद्यापर्यंत उचलायची, रोज दोनदा. माझी अडीच हॉर्सपॉवरची मोटर सतरा किलोची आहे. तुझी चाळिसाच्या वर जाते. मी एकसष्ट वर्षांची आहे आणि माझा खांदा जन्मभर शिवणयंत्रावर वाकलेला आहे. हिशेब तूच कर, तुझं रोजचंच काम आहे.

तुझी अट बंदर कचेरीतल्या कारकुनाने मला मोठ्याने वाचून दाखवली. "आई धड मोटर घेईल तेव्हाच मी हिस्सा सोडल्याच्या कागदावर सही करीन." पाठीमागे रांगेत सात-आठ माणसं होती, सगळ्यांची करमणूक झाली. बोट अजून तुझ्या बाबांच्या नावावर आहे, आणि मे अखेरपर्यंत ती जिवंत माणसाच्या नावावर झाली नाही तर आपली नांगराची जागा जाते. बोट ओढून गोदीत नेऊन उभी करतात. ती माझं घर आहे, भिंगरी. मी फक्त एक सही मागितली होती. मोटर नव्हती मागितली.

आणि लहान मोटर मीच घेतली. स्मशानातून परत आल्यावर तू सगळ्या नातेवाइकांसमोर विचारलंस, "हे खेळणं कुणी विकत घेतलं?" तेव्हाही मी हेच सांगितलं होतं. आज पुन्हा लिहून देते, म्हणजे तुझ्या मनात शंका राहायला नको.

तुझी
आई

ता. क. खोकं परत न्यायची व्यवस्था तू कर. पाठवताना चार माणसं सापडली, नेतानाही सापडतील.


११ एप्रिल

भिंगरी,

'प्रिय' मुद्दाम गाळलंय.

मी चार पानं लिहिते आणि तू फोनवर दोन ओळी पाठवतेस. "मोटर उचलत नसेल तर बोटीवर राहू नये. ज्या मोटरीने बाबांना वेळेवर पोचवलं नाही तिची वकिली मला नको." बस्स. खाली नावसुद्धा नाही. लिफ्टवाल्यांना नोटीस पाठवतेस ती यापेक्षा मायेची असेल.

बरं. मग त्या दिवसाचंच बोलू. दहा महिने तू माझ्याकडे पाठ करून उभी आहेस, तेव्हा पाठीला सांगते.

बाबांच्या छातीत कळ आली तेव्हा ओहोटी ऐन जोरात होती. खाडीचं पाणी समुद्राकडे धावत होतं आणि मला त्याच्या विरुद्ध, धक्क्याकडे जायचं होतं. निघायच्या आधी मी वायरलेसवर बंदराची बोट मागितली. ती दुसऱ्या कामावर बाहेर गेली होती. शेजारच्या कप्तानांची होडी रंगवायला धक्क्यावर उपडी घातलेली. मग मी बाबांना डिंगीत उतरवलं, कसं उतरवलं ते मलाही सांगता येणार नाही, आणि मोटरीची मूठ पूर्ण पिळली. मोटर जीव तोडून ओरडत होती आणि धक्क्याच्या पायऱ्या होत्या तिथेच होत्या. वरती ॲम्ब्युलन्सचा दिवा फिरताना दिसत होता. तो दिवा मी बघत होते, बाबा माझ्याकडे बघत होते. तू हे मला कधी विचारलं नाहीस.

डॉक्टर म्हणाले, दहा मिनिटं आधी आणलं असतं तरी काही फरक पडला नसता. मी त्या वाक्याला धरून बसलेली नाही. मागे राहिलेल्या बायकोला डॉक्टर असंच सांगत असतील. कदाचित फरक पडलाही असता. मला माहीत नाही, तुलाही माहीत नाही. मी हे माहीत नसणं घेऊन रोज उठते, त्याच डिंगीत बसते, त्याच पाण्यावरून शिडांच्या पिशव्या आणते आणि पोहोचवते. तू मात्र ते उचलून माझ्या अंगावर टाकतेस आणि मोकळी होतेस.

आता बोटीवर राहू नये म्हणतेस, त्याविषयी. या खाडीत चाळीसेक बोटी आहेत. त्यांची फाटकी शिडं माझ्याकडे येतात. पडदे शिवत होते तेव्हा गिऱ्हाईक म्हणायचं, "बाई, झालर जरा सरळ आली असती तर." इथे माणसं माझी शिवण घेऊन वादळात जातात आणि परत येऊन नवं फाटकं शीड टाकतात. हे सोडून मी तुझ्या बाराव्या मजल्यावर यायचं? तिथे तू मला बाल्कनीतल्या कुंडीसारखी ठेवशील, पाणी वेळेवर घालशील, ऊन लागलं की आत घेशील. तुझी माया समजते गं मला. पण मी येणार नाही. हाताला धरून न्यायला आलीस तरी येणार नाही. नांगर सोडवून समुद्रात निघून जाईन, मग शोधत बस.

आई


१८ एप्रिल

प्रिय भिंगरी,

अक्षर वाकडं आलंय, त्यावर जाऊ नकोस. बोट हलते आहे.

तुझी दहाची मोटर मी चालवून पाहिली. हो, मीच. कप्तान म्हणाले, "वहिनी, न चालवताच नावं ठेवताय, हे काही बरोबर नाही." कप्तान म्हणजे शेजारच्या बोटीवरचे मिशीवाले. जन्मभर फेरीबोट चालवून आता निवृत्त झालेत आणि कुणी न विचारता सल्ले देतात. पण ते बोलले ते लागलं. म्हटलं, उगाच आकस नको. त्यांची होडी लाकडी आहे, मोठी आहे, तिच्या पट्टीवर पंधरा लिहिलंय. त्यांची सहाची मोटर काढून तिथे तुझी बसवली. बसवायला ते, मिस्त्री आणि मिस्त्रीचा भाऊ, असे तिघे लागले, एवढं फक्त नमूद करते.

कप्तान पुढे बसले, मी मागे, हातात मोटरीचा दांडा. ओहोटी सुरू होती. मी पिळलं आणि अगं, होडी पाण्यावरून उठलीच! आपल्या बोटीपासून परत धक्क्यापर्यंत, ओहोटीच्या नाकावर टिच्चून, अशी आले की कप्तानांना मिशी सावरायला वेळ मिळाला नाही. खोटं कशाला बोलू, मी ओरडले. आनंदाने. बाबा गेल्यापासून एवढ्या मोठ्याने मी ओरडले नव्हते. त्या दिवशी ही मोटर असती तर, हा विचार माझ्याही मनात आला. आला तो आला, तुझ्यापासून कशाला लपवू?

मग कप्तान धक्क्यावर उतरले आणि म्हणाले, आता एकट्या फिरवून आणा.

बोट हलत नाहीये. मनगट मुरगळलंय. लिहायचं नव्हतं, पण पुढचं सांगायचं तर हे लपणार नाही.

झालं असं, की पुढे वजन नव्हतं. मागे मी, माझ्या मागे मोटर, पुढे रिकामी होडी. मघासारखंच पिळलं आणि पुढचं टोक सरळ आभाळाकडे गेलं. मला क्षणभर समोर फक्त होडीचा तळ दिसला आणि मग पाणी. मोटरीची लाल दोरी मनगटाला बांधलेली होती. माणूस पडला की ती ओढली जाते आणि मोटर बंद होते. तशी ती झाली. पण त्याच हिसक्याने मनगटही गेलं. होडी धपकन आडवी पडून तशीच तरंगत राहिली. मी जॅकेटमुळे बाटलीच्या बुचासारखी वर आले. कप्तान धक्क्यावरून इतक्या मोठ्याने माझं नाव ओरडले, की फेरीबोटीला थांबलेले लोक कठड्याशी आले. त्यांनी मला बाहेर काढलं. त्यांना मीच चहा करून दिला, डाव्या हाताने.

आता तू हे वाचून काय म्हणशील ते मला इथे ऐकू येतंय. म्हणून आधीच सांगते. या प्रकारातून निघालं एवढंच, की ती मोटर दोघांची आहे. उचलायला दुसरा लागतो, पुढे बसायला दुसरा लागतो. हळू पिळायचं ते मी शिकेनही, पण दुसरा कुठून आणू? माझा दुसरा गेला.

तुझंही एक म्हणणं मात्र मान्य करते. अडीचची मोटर ओहोटीपुढे हात टेकते. मी भरती-ओहोटीचं वेळापत्रक बघून जगते, पाणी थांबलेलं असेल तेव्हाच निघते. रोजच्या कामाला ते पुरतं. घाईच्या वेळी पुरत नाही.

म्हणून कप्तानांची सहाची मोटर आपल्या डिंगीवर लावून पाहिली. ओहोटी कापते. उडत नाही, पण पायऱ्या जवळ येतात. आपल्या फळीलाही ती चालते. वजन सत्तावीस किलो. हातांनी मला ती जमणार नाही, म्हणून शिडाखालची आडवी काठी बाजूला पाण्यावर फिरवली, टोकाला कप्प्या बांधल्या, शिडाच्या कापडाचा पट्टा शिवून मोटरीच्या पोटाखालून घेतला आणि दोरी ओढली. एका हाताने ओढली. मोटर वर आली. वाऱ्याने फिरून एकदा बोटीच्या कुशीला धडकली, रंग खरवडला, पण आली. कप्तान आ वासून बघत होते. मिस्त्री म्हणाला, "काकू, तुम्ही पडदे शिवायचात ते बरं होतं."

म्हणजे वाट निघते आहे. जरा दम धर, आणि सही कर.

तुझी
आई


२४ एप्रिल

भिंगरी,

कारकुनाने आज मला आत बोलावून खुर्ची दिली. तो कधी कुणाला खुर्ची देत नाही. तेव्हाच समजले.

तू कचेरीत फोन केलास. सांगितलंस, की आई पाण्यात पडली, तिने स्वतःच लिहून कळवलंय, ती एकटी राहायला असमर्थ आहे, तिच्या नावावर बोट करू नये. असमर्थ. शब्द मी त्याच्याकडून पुन्हा वदवून घेतला. मी विश्वासाने तुला मनगटाचं लिहिलं आणि तू ते नेऊन कचेरीच्या टेबलावर ठेवलंस. कारकुनाने माझी फाइल खालच्या कप्प्यात टाकली आहे. तो म्हणाला, "काकू, मुलीची हरकत आहे, माझे हात बांधलेले आहेत."

रडले. फेरीबोटीच्या थांब्यावर, उन्हात, सगळ्यांसमोर रडले. मग डिंगी घेऊन घरी आले, मोटर एका हाताने वर चढवली आणि हे लिहायला बसले.

आता ऐक. लहान मोटर मी घेतली नाही. तुझ्या बाबांनी घेतली.

बोटीवर आलो त्या पहिल्या वर्षी, ही रबरी होडी घेण्याआधी, आमच्याकडे मागून आणलेली आठची मोटर होती. जुनी, अवजड. बाबा खालून द्यायचे, मी वरून दोरीने ओढायची, असं दोघांत ते चालायचं. मग बाबा तापाने पडले. मोटर कठड्यावर, डिंगी खाली, धक्का समोर दिसतोय, आणि मला ती मोटर जागची हलेना. वल्ही मारत निघाले तर पाण्याने मला खाडीच्या तोंडापर्यंत नेलं, कसंबसं परत आले. शेवटी डेकवर उभी राहून कप्तानांना हाका मारल्या, औषध आणून द्या म्हणून. बाबा आत पडून माझ्या त्या हाका ऐकत होते.

बरे झाल्यावर मला दुकानात घेऊन गेले. तुला बाबा माहीत आहेत. नळखात्यात नकाशे काढण्यात जन्म गेलेला माणूस. ओहोटीचा वेग, होडीचं वजन, दोन माणसं, सामान, सगळं गणित मांडून आले होते. त्यांच्याच आकड्यांप्रमाणे सहाच्या खाली घेणं चूक होतं. दुकानदार तर आठची दाखवत होता, "साहेब, लहान घ्याल तर पस्तावाल," असं चाललं होतं त्याचं. बाबांनी आठची, सहाची आणि अडीचची, तिन्ही खाली जमिनीवर ठेवायला लावल्या आणि मला म्हणाले, "उचल बघू."

भर दुकानात! मी म्हटलं, अहो, काय हे. म्हणाले, उचल. आठची गुडघ्यापर्यंत आली. सहाची कमरेपर्यंत आली आणि खाली ठेवताना दुकानदाराचा पाय थोडक्यात वाचला. अडीचची खांद्यापर्यंत गेली. बाबा म्हणाले, "हीच द्या."

मी बाहेर आल्यावर भांडले. म्हटलं, तुमचेच आकडे सांगताहेत, की ही ओहोटीत चालणार नाही. कप्प्या लावू, काठी लावू, काहीतरी करू, पण मोठी घेऊ. तर म्हणाले, "ओहोटीत थांबू. काही अडत नाही. तुला धक्क्यावर जायचं असेल आणि मी घोरत असेन, तर मला उठवायला लागू नये." आणि खुशीत शीळ घालत पुढे चालायला लागले.

असा माणूस होता तो. मला कुणाला हाक मारावी लागू नये म्हणून त्याने ती मोटर घेतली, आणि त्याच मोटरीने मी त्याला धक्क्यावर घेऊन गेले.

तू त्या दिवशी "कुणी घेतली?" म्हणून ओरडलीस, तेव्हा तुझा चेहरा बघून मी म्हटलं, मी. विचार करायला वेळच नव्हता. तुझ्या रागाला कुणीतरी हवं होतं. बाबांचं नाव सांगितलं असतं तर तू कुणाशी भांडली असतीस? त्यांच्या फोटोशी? मी आहे, मला दोन शब्द लावता येतात, मी उलट चार लावते. ते बरं, असं मला वाटलं. आजही वाटतं. याची मी माफी मागत नाही. पण 'असमर्थ' मी ऐकून घेणार नाही. माझ्या समर्थपणाची मोजणी तुझ्या बाबांनी दुकानात जमिनीवर मोटरी मांडून केलेली आहे. तू नवीन करू नकोस.

हरकत ठेव नाहीतर काढ. मे संपला की त्यांनी बोट ओढून न्यावी. मी आत बसलेली असेन, सुई हातात घेऊन.

आई


३ मे, बोटीवरून

प्रिय भिंगरी,

तुझा निरोप मिळाला. "हे आधी का नाही सांगितलंस?" एवढंच होतं.

मग काल कुरिअर आलं. हरकत मागे घेतल्याचं पत्र, आणि हिस्सा सोडल्याच्या कागदावर तुझी सही. सहीच्या बाजूला शाई पसरलेली आहे. वरून पाणी सांडलं म्हणायचं, की दुसरं काही, ते तुझं तुला माहीत. मी तो कागद बराच वेळ मांडीवर घेऊन बसले. ज्याच्यासाठी महिनाभर तुझ्याशी भांडले तोच हा कागद. आता सगळं माझं. बोट माझी, नांगराची जागा माझी, आणि तू सुटलीस.

आज सकाळी तो घेऊन कचेरीत गेले. खिडकीशी पोचले आणि मला तो देववेना.

मी कारकुनाला विचारलं, हिस्सा न सोडता काही करता येतं का? म्हणाला, येतं की, दोघींच्या नावावर होते, त्याचा कागद वेगळा. मी म्हटलं, मग तो द्या. बिचारा माझ्याकडे बघतच राहिला. "काकू, ह्याच सहीसाठी महिनाभर माझं डोकं खाल्लंत ना?" मी म्हटलं, खाल्लं, आणि अजून थोडं खाणार आहे. तुझा सही केलेला कागद मी तिथेच, त्याच्या डोळ्यांदेखत फाडला. पाठीमागच्या रांगेची पुन्हा करमणूक झाली.

तेव्हा आता असं आहे. बोटीचा अर्धा भाग तुझा आहे आणि तो मी तुला सोडू देणार नाही. दया करून सही करशील आणि मोकळी होशील, तर तसं चालायचं नाही. मालकीण आहेस, मालकिणीसारखी वाग. या महिन्यात बोटीचा तळ घासून रंगवायचा आहे. अर्धा मी घासते, अर्धा तुझा, आणि तुझ्या अर्ध्यावर शेवाळ जास्त आहे. वरच्या खोलीचं छप्पर एका जागी गळतं, ते तुझ्या बाजूला येतं. नांगराची साखळीही बदलायला झाली आहे, तिचे दोन वाटे करता येत नाहीत, त्यामुळे ती दोघींनी मिळून ओढायची.

आणि मोटर. कप्तान म्हणताहेत, तुझी दहाची त्यांच्या लाकडी होडीला द्यायची आणि त्यांची सहाची आपण घ्यायची. त्यांना ती फार आवडली आहे, रोज मिस्त्रीच्या शेडमध्ये जाऊन ताडपत्री वर करून बघतात. मला वाटतं द्यावी. पण एकटीने ठरवणार नाही. सहाची तू आधी माझ्या कप्प्यांवर ओढून बघ. दोघींपैकी कुणीही एकटी ती वर घेऊ शकली, तर घेऊ. एकीला जरी जड गेली तर नाही घेणार, मग ओहोटीत थांबत जाऊ. आणि वायरलेस नवा घेऊ, लांबवर पोचेल असा. हे माझं म्हणणं. तुझं वेगळं असेल तर इथे येऊन भांड. फोनवर दोन ओळीत भांडायचं नाही.

दोघींच्या कागदावर दोघींनी कचेरीत समोर येऊन सही करायची असते. रविवारी कचेरी बंद, म्हणून तू शनिवारी ये. आधी सही करू नकोस, आधी घरी ये. दुपारी पाणी थांबलेलं असेल, मी वेळापत्रक पाहिलं आहे.

मी तुला घ्यायला धक्क्यावर येणार नाही. रागाने नाही, उगाच तोंड फुगवू नकोस. कप्तान मला सकाळी त्यांच्या होडीतून परत सोडतील आणि आपली डिंगी मी पायऱ्यांशी बांधून ठेवीन. मोटर लावलेली असेल, टाकी भरलेली. जॅकेट बाकाखाली आहे, आधी ते घाल. लाल दोरी मनगटाला बांध. दोरी ओढून मोटर सुरू कर, पहिल्यांदा होणार नाही, दुसऱ्यांदाही होणार नाही, चिडू नकोस. मध्यभागी पोचलीस की तुला बाबांची आठवण येईल. येऊ दे. मोटर बंद करून थोडा वेळ थांबावंसं वाटलं तर थांब, पाणी वाहत नसेल, तू कुठे जाणार नाहीस. मी डेकवर उभी असेन, तुला दिसेन, पण हाका मारणार नाही.

मोटर लहान आहे. तुला एकटीला जमेल.

तुझी
आई